नाकतोडा आणि टोळ एकाच कुळातले का?

प्रश्न: आमच्या गुहागरात भाताच्या बांधावर नाकतोडे उड्या मारतात, २०२० ला विदर्भात टोळधाड आली ते टोळ पण ह्यांचेच भाऊबंद का? शास्त्रीय नाव काय?

उत्तर: हो, दोघांचं कुळ एकच, अ‍ॅक्रिडिडी. ओळखायचं कसं तर हातात धरून बघा, मिशा आखूड असतात आणि कान चक्क पोटाच्या बाजूला, पंखाखाली. लांब मिशांचा हिरवागार, रात्री दिव्यावर येतो ना, तो वेगळ्या कुळातला, टेटिगोनिडी. वाळवंटी टोळ एकटा असला की साधा नाकतोडाच, गर्दीत पाय एकमेकांना घासायला लागले की रंग आणि वागणंच बदलतं, मग थवा बनतो. आपल्या भातावरचा नाकतोडा अंडी बांधाच्या मातीत घालतो, म्हणून कापणीनंतर बांध जरूर खरवडा, उघडी पडलेली अंडी उन्हाने मरतात नाहीतर पक्षी खातात.