वाचक विचारतात : यानावरच्या मालिकेचा लेखक

प्रश्न : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अवकाशयानावर घडणाऱ्या अमेरिकी मालिकेचा सेट पाहायला गेलेले रोनाल्ड मूर तिथे आपली पटकथा देऊन आले आणि पुढे लेखक झाले, असं वाचलं. हे इतकं सोपं होतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सोपं कसलं! पटकथा कित्येक महिने पडून होती. तिसऱ्या पर्वात मायकेल पिलर लेखन विभागाचे प्रमुख झाले, हाताशी पुरेशा पटकथा नव्हत्या, म्हणून त्यांनी बाहेरून आलेला गठ्ठा उपसला. त्यातली ही पटकथा ऑक्टोबर १९८९मध्ये ‘द बॉन्डिंग’ या नावानं पडद्यावर आली.

तीच का निवडली, हे तिच्या रचनेतून कळतं. मोहिमेवर गेलेली आई मरते आणि यानावर तिचा १२ वर्षांचा मुलगा पोरका होतो. बहुतेक प्रसंग यानाच्या खोल्यांत, म्हणजे आधीच उभ्या असलेल्या सेटवर. नवशिके पहिल्याच पानावर नवा ग्रह आणि अवकाशयुद्ध लिहितात, आणि तिथेच निर्मात्याचं अंदाजपत्रक कोलमडतं. मोजमापही सांभाळावं लागतं : एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. या मालिकेचा भाग सुमारे ४५ मिनिटांचा, सुरुवातीला टीझर, म्हणजे उत्सुकता चाळवणारा छोटा प्रसंग, आणि मग पाच अंक. प्रत्येक अंक जाहिरातीआधी अशा जागी तोडायचा की प्रेक्षकानं चॅनेल बदलू नये.

मूर त्याच पर्वात लेखकांच्या चमूत आले. २००३मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही जुनी अवकाश-मालिका नव्यानं आली ती त्यांच्याच लेखणीतून. तिकडे मालिकेच्या लेखकाला स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर अशा बढतीच्या पायऱ्या असतात. नावापुढे ‘प्रोड्यूसर’ लागलं तरी माणूस बहुधा लिहीतच असतो.

प्रश्न : विज्ञान कच्चं असेल तर?

उत्तर : चालतं. संवादात तांत्रिक शब्दांच्या जागी नुसतं ‘टेक’ लिहून पुढे जायचं आणि नेमके शब्द सल्लागारांनी भरायचे, अशी तिथली पद्धत मूर यांनीच सांगितली आहे. फसतं ते वेगळ्याच जागी. शेवटची अडचणही ‘टेक’नंच सुटली, तर पात्राला काही ठरवावंच लागत नाही आणि भाग पोकळ वाटतो.

प्रश्न : माझी पटकथा थेट अमेरिकेला पाठवू का?

उत्तर : नको. न मागता आलेली पटकथा तिकडचे स्टुडिओ सहसा उघडतही नाहीत. बाहेरच्यांच्या पटकथांसाठी ‘स्टार ट्रेक’चं खुलं दार हा अपवाद होता, आणि तिथेही आधी हक्कांच्या कागदावर सही करावी लागे. कुठेही दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करा. मात्र संरक्षण लिहिलेल्या मजकुराला मिळतं, नुसत्या कल्पनेला नाही.