निर्दय, निबर की नुसताच कोरडा?

परभणीच्या एका तरुण वकिलांनी विचारलं आहे : खुनाच्या खटल्यात दोष शाबीत झाला, आता शिक्षेवर युक्तिवाद व्हायचाय. आरोपीच्या मानसिक तपासणीच्या इंग्रजी अहवालात 'एम्पथी'चा, म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपल्याला जाणवण्याचा, मोठा अभाव नोंदवलाय. तर्जुम्यात कुणी 'सहानुभूतीचा अभाव' लिहिलं, समोरच्या बाजूने तोंडी 'निर्दय' म्हटलं. "नेमका शब्द कोणता? आणि असा माणूस कमी जबाबदार धरायचा का?" दुसरा प्रश्न खरं तर शब्दवाल्याला विचारायचा नसतो. पण इथे तो पहिल्याच्याच पोटात आहे, म्हणून दोन्हींवर बोलतो.

'सहानुभूती' इथे चालणार नाही. फोड करून पाहिली तर सह-अनुभूती, म्हणजे एम्पथीला तंतोतंत बसावा असा शब्द; पण तो आपण सिंपथीला देऊन बसलो. सहानुभूती आता 'दाखवतात', 'व्यक्त करतात', निवडणुकीत तिची लाटसुद्धा येते. एम्पथी हा इंग्रजीतलाही तसा नवाच शब्द. 'आइनफ्युलुंग' या जर्मन शब्दासाठी टिचनर या मानसशास्त्रज्ञाने तो १९०९ साली घडवला. तो मराठीत आला तेव्हा सहानुभूतीची जागा भरलेली होती, मग 'समानुभूती', 'परानुभूती' असे शब्द पाडावे लागले. मला विचाराल तर सगळ्यात नेमका जुना शब्द 'अनुकंपा'. दुसरा थरथरला की आपणही थरथरायचं! पण तो शब्द नोकरीला लागला. अनुकंपा म्हटलं की लोकांना वडिलांच्या जागेवर चिकटलेला मुलगा आठवतो.

बोलीत मात्र ही गोष्ट शरीरात राहते. आतडं तुटतं, पोटात कालवतं, काळीज पिळवटतं. मराठवाड्यात निजामी अमलात कोर्टाची भाषा उर्दू होती, त्यामुळे जुनी माणसं अजून तारखेला 'पेशी' म्हणतात आणि निष्ठुर माणसाला 'बेरहम'. हा 'रहम' ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच 'रहिम' म्हणजे गर्भाशय हा शब्द आलाय. आपल्याकडे 'त्याच्या पोटात मया नाही' म्हणतात, तेही त्याच अवयवाच्या शेजारचं. तुकोबांनी 'ऐसी कळवळ्याची जाती। करी लाभाविण प्रीती॥' म्हटलं, तिथेही आधी लेकराचं हित वाहणारी माउली आहे.

आता 'निर्दय'कडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. मराठीत कीव सहसा 'येते'. ज्याला येते तो बिचारा 'ला' लावून बाजूला बसतो. 'त्याला कीव आली नाही' या वाक्यात त्याने काही केलेलंच नाही. पाऊस आला नाही, तशी कीव आली नाही. 'त्याने गय केली नाही' म्हटलं की 'ने' लागला, माणूस कर्ता झाला, जाब विचारायला सापडला. दया मात्र दोन्हीकडे सारखीच चालते : येतेही आणि करताही येते. म्हणून 'निर्दय' हा शब्द फसवा. ज्याला दया येत नाही तो निर्दय, की आलेली असून जो करत नाही तो? तुमच्या अहवालातला डॉक्टर पहिलं सांगतोय आणि समोरचे वकील 'निर्दय' म्हणून दुसरं ऐकवताहेत. बचावाचे वकील उलट बाजूने हेच करतात. 'त्याला येतच नाही हो' म्हणता म्हणता, त्याने जे केलं त्यालाही हळूच 'ला' लावून टाकतात.

माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. सेलूकडे आमच्या शेतात पेरणीच्या दिवसांत एका बैलाचा खांदा सुजला. जू काढलं की मानेवर तळहाताएवढी सूज, मधोमध सोललेलं कातडं, त्यावर माश्या. सालगडी तरीही पराणी टोचून त्याला तिफणीला चालवायचा. आजीने गड्याला बोलावलं. म्हणाली, "हात लाव तिथं." त्याने लावला. बैलाचं अंग शहारलं. गडी आभाळाकडे बघून 'पाऊस येतोय' म्हणावं तितक्याच सहजपणे म्हणाला, "दुखतंय त्याला." आजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कळतंय की रं तुला समदं. पोटात मया न्हाई तुह्या." तेला-हळदीचे पैसे तिने त्याच्या सालातून कापले आणि पाडव्यापर्यंत त्याला बैलांना हात लावू दिला नाही, बांधावरची कामं दिली. मया नाही म्हणून सूट नाही, आणि मया नाही म्हणून जास्तीचं कापलंही नाही. मला तो निवाडा अजून खोडता आलेला नाही.

कायदाही आजीच्या पहिल्या वाक्यावरच उभा आहे. १८६० च्या दंड संहितेचं कलम ८४, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालं, ते विचारतं : कृत्य करताना, मन ठिकाणावर नसल्यामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळण्याची क्षमताच या माणसात नव्हती का? प्रश्न कळण्याचा आहे, कळवळण्याचा नाही. (दोन्ही शब्द कानाला भावंडं वाटतात; नातं खरंच आहे असा माझा दावा नाही.) आपल्याकडे तिसरंही एक आहे, 'कळतं पण वळत नाही'. अमेरिकेतल्या कायदेतज्ज्ञांनी १९६२ च्या आदर्श दंड संहितेत (मॉडेल पीनल कोड) त्या 'वळण्या'लाही जागा दिली, पण पुन्हा पुन्हा गुन्हे करणं हीच ज्याची एकमेव खूण, त्या विकृतीला दारातच अडवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरेंद्र मिश्रा विरुद्ध झारखंड राज्य या निकालात स्पष्ट केलं की, आजाराने भावनांवर परिणाम झाला एवढ्याने कलम ८४ लागू होत नाही. वैद्यकीय वेड वेगळं, कायद्यातलं वेगळं.

मला हे पटतं. रस्त्यात दिसलेलं पाकीट आपण उचलत नाही ते मालकाबद्दल आतडं तुटतं म्हणून नव्हे. त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. ते आपलं नाही हे ठाऊक असतं, तेवढं पुरतं. ज्याला पुरावा लपवायचं सुचतं, त्याला तेवढं नक्की ठाऊक असतं.

शिक्षेचं मात्र निराळं, आणि तुमचा प्रश्न तर तिथलाच आहे. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणापुरती ठेवली आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायला सांगितलं; तो सुधारू शकेल का, हेही. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालापासून अशा खटल्यांत मानसिक मूल्यमापनाचे अहवाल मागवण्यावर भर आहे. पण हे हत्यार दुधारी आहे. 'याला दुसऱ्याचं दुःख जाणवत नाही' म्हटलं की बचाव म्हणतो उणीव आहे, सरकार पक्ष म्हणतो मग सुधारणार कसा? माझ्या मते कृत्य किती क्रूर होतं ते मोजावं. पण तीच क्रूरता पुन्हा 'स्वभावानेच निर्दय' म्हणून दुसऱ्यांदा मोजू नये. एका सुजलेल्या खांद्याचे पैसे दोनदा कापल्यासारखं होतं ते.

तर शब्द. तर्जुम्यात 'परानुभूतीचा अभाव' लिहा आणि लगेच साध्या मराठीत उलगडा : 'दुसऱ्याचं दुःख त्याला कळतं, पण जाणवत नाही'. मात्र त्याआधी डॉक्टरांना विचारा, नेमकं कोणतं अर्धं नाही, कळणं की जाणवणं? स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) माणसाला समोरच्याचा चेहरा वाचणं जड जातं, पण दुःख उमगलं की तोही कळवळतो. त्याचं गाऱ्हाणं वेगळं, या खात्यात त्याला ढकलू नका. 'निर्दय' माणसाला न लावता कृत्याला लावा : 'त्याने निर्दयपणे मारलं'. तिथे 'ने' आहेच.

शीर्षकातला 'कोरडा' हा जन्मापासूनचा. त्याच्यात ओल कधी नव्हतीच. 'निबर' तसा नाही. भेंडी निबर होते, म्हणजे ती कधीतरी कोवळी होती आणि वेळेवर तोडली नाही. अहवालात त्या पोराच्या लहानपणाची पानं असतील, बापाचा मार, उसाच्या फडावर गेलेली शाळा असलं काही, तर ती कोर्टात वाचून दाखवा आणि हा शब्द तिथे वापरा. धाराशिव-उमरग्याकडे यासाठी आणखी काही म्हणत असतील तर मला ऐकायला आवडेल.