त्या लाखात मी आहे का?

प्रिय बाळ,

तुझा मोठा मेल दोनदा वाचला. 2024 च्या ऑक्टोबरमधले ते दोन निकाल तुझ्या मनातून अजून गेलेले नाहीत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जॉन रस्टॅड यांचे उजवे कॉन्झर्व्हेटिव्ह 44 जागांवर थांबले आणि 93 पैकी 47 जागा घेऊन डावी एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) जेमतेम सत्तेत तरली. दोनच दिवसांनी न्यू ब्रन्सविक प्रांतात प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या ब्लेन हिग्ज यांची सत्ता गेली, स्वतःची जागाही गेली. आता तू विचारतेस, आपले नेते डग फोर्ड यांच्यानंतर ओंटारियो प्रांतात आपल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं काय होणार? पुन्हा 15 वर्षं विरोधी बाकांवर?

काळजी रास्त आहे. पण ती तू सर्व्हेचे आकडे बघून करते आहेस. मी इतकी वर्षं इथे मिसिसागा शहरात पक्षासाठी दारोदार फिरतोय, त्या अनुभवावरून सांगतो की नेत्याचं भवितव्य आधी दारात कळतं, आकड्यांत उशिरा उतरतं.

2014 ची निवडणूक घे. तू तेव्हा शाळेत होतीस. लिबरल सरकारला लोक विटले होते, गॅसवरचे वीज प्रकल्प रद्द करण्याचं प्रकरण गाजत होतं. आमचे तेव्हाचे नेते टिम हुडक यांच्यापुढे ताट वाढून ठेवलेलं होतं. मे महिन्यात त्यांनी जाहीर केलं की सरकारी क्षेत्रातल्या 1,00,000 नोकऱ्या कमी करणार. आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तूट मोठी होती, कुणीतरी खरं बोलायलाच हवं होतं, असं मला मनापासून वाटत होतं.

पुढच्या शनिवारी एका घरी गेलो. लॉनवर आमची निळी पाटी होती, म्हणजे घर आपलंच. बाई वाफ्यात टोमॅटोची रोपं लावत होत्या. हातमोजे न काढताच उठल्या आणि म्हणाल्या, ‘मी शाळेत मदतनीस आहे. त्या लाखात मी आहे का?’ माझ्याकडे पक्षाने दिलेलं उत्तर छापील होतं, ते मी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटी उपटली, तारेला लागलेली माती झटकली आणि माझ्या हातात दिली. आवाजही चढवला नाही. त्याच गल्लीत पुढे एक नर्स राहायची, एका घरातला मुलगा नुकताच शिक्षक झाला होता. त्या दारांपुढे माझे पाय जड झाले.

12 जूनला आम्ही 37 जागांवरून 28 वर आलो. लिबरल नेत्या कॅथलीन विन 58 जागा घेऊन बहुमतात गेल्या.

2007 मध्येही असंच झालं होतं. तेव्हाचे आमचे नेते जॉन टोरी यांनी धार्मिक शाळांना सरकारी पैसा देण्याचं वचन दिलं आणि सगळी निवडणूक त्या एका वचनाभोवती फिरली. स्वतःच्या मतदारसंघातही ते हरले, विन यांच्याकडूनच. दोन्ही वेळा सरकारला जाब विचारायचा सोडून लोक आम्हालाच जाब विचारत बसले. म्हणून नेत्याचं भाषण ऐकताना हॉलमधल्या टाळ्या मोजू नकोस. आपल्या गल्लीतल्या कुणाला ‘हे माझ्याबद्दल बोलतायत का?’ असं वाटेल, ते मनात धर.

अल्बर्टाचं वेगळं. 2015 मध्ये पीसी (तिथले प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह) आणि वाइल्डरोज या दोन उजव्या पक्षांची मिळून निम्म्याहून जास्त मतं होती, तरी फुटीमुळे पीसींची 44 वर्षांची सत्ता गेली आणि एनडीपीच्या रेचल नॉटली आल्या. दोघे एकत्र आल्यावर 2019 मध्ये 87 पैकी 63 जागा मिळाल्या. ती चूक सगळ्यांना दिसते, म्हणून तिची मला फारशी भीती नाही.

नोव्हा स्कोशियाकडे मात्र नीट बघ. तिथले प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह नेते टिम ह्यूस्टन यांनी 2021 मध्ये आरोग्यसेवेचाच ध्यास घेतला आणि तिच्यावर जास्त खर्च करायचं वचन दिलं. मला तेव्हा ते पटलं नव्हतं, आपल्या पक्षाने असं बोलू नये असं वाटलं. पण ज्या घराला फॅमिली डॉक्टर मिळत नाही, त्या घराच्या दारात त्यांच्या माणसांकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं. 2024 मध्ये 55 पैकी 43 जागा त्यांना मिळाल्या.

आणि ओंटारियोत 2018, 2022 आणि 2025 मध्ये आपल्याला मिळालेल्या 76, 83 आणि 80 जागा बघून निर्धास्त होऊ नकोस. 2022 मध्ये जेमतेम 44 टक्के मतदान झालं. आपल्याला त्यातली 41 टक्के मिळाली, म्हणजे शंभर मतदारांतले साधारण 18. उरलेले बरेचसे घरी बसले, कारण त्यांना ना आशा होती ना भीती. उद्याच्या नेत्याने एका वाक्यात त्यांना घाबरवलं, तर ते बाहेर पडतील. माझी झोप उडते ती या विचाराने.

तू नेता निवडू शकत नाहीस, असं लिहिलं आहेस. सभासद आहेस, तुला मत आहे, आणि पुढच्या नेत्याला प्रश्न विचारायची संधीही तुला मिळेल. तोवर निवडणूक नसताना फिर. लोक तेव्हा मोकळेपणी बोलतात. तुझ्या फोनवरच्या ॲपमध्ये ‘आपला’, ‘परका’, ‘अनिश्चित’ एवढंच नोंदवता येतं. सोबत एक साधी वही ठेव आणि माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिही. आपल्या मतदारांशीही बोल, पाटी आहे म्हणून ते घर गाळू नकोस.

या शनिवारी दहा घरं पुरेत. रविवारी संध्याकाळी फोन कर, आणि कोण चिडलं ते आधी सांग.

तुझा,
काका