‘लॉस्ट इन स्पेस’मधील बालकलाकार बिल मूमी पुढे काय करू लागले?

१९६५ ते १९६८ या काळात त्या अमेरिकी मालिकेत विल रॉबिन्सन साकारणारे मूमी पुढे चरित्र अभिनेते आणि संगीतकार झाले. तत्पूर्वी, १९६१ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’च्या एका भागात, नावडत्या माणसांना नुसत्या इच्छेने मक्याच्या शेतात धाडणारा सहा वर्षांचा मुलगा त्यांनी रंगवला होता, भेदरलेली मोठी माणसे त्याच्या प्रत्येक कृत्याला ‘छान केलेस’ म्हणत राहतात, आणि माझ्या मते त्यांचे तेच काम सर्वाधिक अंगावर येते. ‘बॅबिलॉन ५’ या विज्ञानकथा मालिकेत ते राजदूत डेलेन यांचे सहायक लेनियर होते. संगीतात त्यांनी रॉबर्ट हाइमर यांच्यासह ‘बार्न्स अँड बार्न्स’ या नावाने १९७८ मध्ये ‘फिश हेड्स’ हे विक्षिप्त विनोदी गाणे आणले, ज्याचा चित्रफितीतील अवतार पुढे अभिनेते म्हणून गाजलेल्या बिल पॅक्स्टन यांनी दिग्दर्शित केला.