नोट्स वाचून झाल्या, तरी कागद कोरा का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

परीक्षेच्या उजळणीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी निवडली आहेत. त्यांत दोनच विषय आहेत, जीवरसायनशास्त्र आणि वकिली व्यवसायाची नीतिमत्ता. दोन्हींतील विद्यार्थ्यांची तक्रार मात्र जवळपास एकच असल्यामुळे ती एकत्र छापत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. जीवरसायनशास्त्राच्या माझ्या नोट्स नीटनेटक्या असून चयापचयाच्या प्रत्येक मार्गाची रंगीत आकृती त्यांत आहे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते. पण चाचणीत कोरा कागद समोर आला की ग्लायकोलिसिसची, म्हणजे ग्लुकोज तोडणाऱ्या मार्गाची, चौथी पायरीसुद्धा सुचत नाही. नोट्स नव्याने काढाव्यात का?

उत्तर : नव्याने काढू नका, कारण त्यात उरलेला वेळ हस्ताक्षरावर आणि रंगांवर खर्च होईल आणि अडचण आहे तिथेच राहील. ती अडचण तुमच्याच पत्रात आली आहे. वाचताना ‘ओळखीचे’ वाटते, असे तुम्ही लिहिता. समोर असलेला मजकूर ओळखणे आणि समोर नसलेला आठवून मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुम्ही सराव पहिल्याचा करता आणि परीक्षा दुसऱ्याची देता.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला; दुसरा उतारा एकदाच वाचून, बाजूला ठेवून, आठवेल तसा लिहून काढायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. दोनदा वाचलेल्यातील ४२ टक्के मजकूर शिल्लक होता आणि लिहून काढलेल्यातील ५६ टक्के. वही मिटताना जो आत्मविश्वास वाटतो, तो पहिल्या चाचणीपुरता खरा असतो. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

तेव्हा नोट्स आहेत तशाच ठेवा, पण त्यांचे काम बदला. आधी कोऱ्या कागदावर मार्ग काढायचा, अडेल तिथे जागा मोकळी सोडून पुढे जायचे, आणि शेवटी नोट्स उघडून वेगळ्या शाईने भर घालायची. पुढच्या वेळी सुरुवात त्या वेगळ्या शाईपासून करायची.

कागदावर आधी काय काढावे, यालाही महत्त्व आहे. बरेच विद्यार्थी ग्लायकोलिसिसच्या दहाही पायऱ्या सारख्याच महत्त्वाच्या मानून ओळीने घोकतात आणि एक निसटली की पुढचे सगळे निसटते. त्याऐवजी ज्या तीन पायऱ्या पेशीत उलट दिशेने जात नाहीत, त्या आधी मांडाव्यात. हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ आणि पायरुवेट कायनेज ही त्यांची एन्झाइम्स, म्हणजे त्या पायऱ्या घडवून आणणारी प्रथिने. मार्गाचे नियंत्रण मुख्यतः याच तीन ठिकाणी होते. ग्लुकोज नव्याने तयार करणाऱ्या ग्लुकोनिओजेनेसिसला वळसा घ्यावा लागतो तोही इथेच. पायरुवेट कायनेजच्या जागी पायरुवेट कार्बोक्झिलेज आणि फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बोक्सिकायनेज ही जोडी येते, तर उरलेल्या दोन ठिकाणी फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटेज आणि ग्लुकोज-६-फॉस्फेटेज. बाकीच्या सात पायऱ्या दोन्ही मार्गांना सामाईक असल्याने या तीन जागा पक्क्या झाल्या की दोन प्रकरणांचा सांगाडा एकदम हाती येतो.

तुम्हाला अडलेली चौथी पायरी अल्डोलेजची. तिचे नाव आठवले नाही तरी जागा तर्काने सापडते. सहा कार्बनांच्या रेणूचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे कुठेतरी व्हायलाच हवेत, आणि दोन्ही तुकड्यांवर फॉस्फेट असायचे तर तोडण्याआधी दोन्ही टोकांना फॉस्फेट लागलेले असले पाहिजे. ते काम पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत दोन एटीपी (पेशीतील ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्चून होते. म्हणून तुकडे होतात ते त्यानंतर.

दुसरी सूचना अशी की प्रत्येक आकृतीच्या मागच्या बाजूला किमान एक ‘का’ लिहावा. उदाहरणार्थ, स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, भरपूर साठा असूनही उपाशी माणसाच्या रक्तातील ग्लुकोज स्नायू थेट का वाढवू शकत नाहीत? कारण स्नायूंत ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नसते आणि फॉस्फेट लागलेले ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही. मग हेच एन्झाइम यकृतातही जन्मतः कमी पडले तर? फॉन गिर्के रोगात नेमके हेच होते. उपाशीपोटी रक्तातील ग्लुकोज घसरते आणि लॅक्टिक आम्ल व युरिक आम्ल वाढते. एकाच एन्झाइमवर आकृती, कारण आणि रुग्ण असे तीन प्रकारचे प्रश्न येऊ शकतात. तिन्ही एकाच पानावर ठेवले तर उजळणीचे ओझे घटते.

एन्झाइमच्या गतिशास्त्रालाही हीच रीत लावा. स्पर्धात्मक अवरोधकामुळे (सब्स्ट्रेटच्या, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाच्या, जागेवरच बसणाऱ्या रेणूमुळे) केएम (निम्मा कमाल वेग गाठायला लागणारे सब्स्ट्रेटचे प्रमाण) वाढतो आणि व्हीमॅक्स (कमाल वेग) तोच राहतो, हे तक्त्यातून पाठ करण्याऐवजी स्वतःला विचारा की सब्स्ट्रेट वाढवत नेले तर अवरोधक हटेल का? जागा एकच असल्याने हटेल, म्हणून कमाल वेग गाठता येतो, फक्त त्यासाठी अधिक सब्स्ट्रेट लागते. शुद्ध अस्पर्धात्मक अवरोधक दुसऱ्या जागी बसतो, त्यामुळे सब्स्ट्रेट कितीही ओतले तरी तो हटत नाही. व्हीमॅक्स घटतो आणि केएम बदलत नाही.

काही गोष्टी मात्र तर्काने येत नाहीत. अमिनो आम्लांच्या रचना आणि कोणते जीवनसत्त्व कोणते सहएन्झाइम (एन्झाइमला मदत करणारा रेणू) बनते ही यादी सरळ पाठच करावी लागते आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. त्यासाठी कार्डे करा. बरोबर आलेले कार्ड दोन-तीन दिवसांनी, पुन्हा बरोबर आले तर आठवड्याने, आणि चुकलेले दुसऱ्याच दिवशी हातात घ्या. थायमिनचे (ब-१ जीवनसत्त्वाचे) कार्ड करताना त्यावर अवलंबून असलेल्या एन्झाइम्सची, म्हणजे पायरुवेट डिहायड्रोजिनेज, अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज आणि ट्रान्सकीटोलेज ही तिन्ही नावे एकत्र लिहावीत, कारण प्रश्न बहुधा तिघांना मिळूनच येतो.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. व्यावसायिक नीतिमत्तेच्या पेपरासाठी नियम मला शब्दशः पाठ आहेत. तरीही प्रसंग देऊन विचारलेल्या बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय मला हमखास सारखेच बरोबर वाटतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. नोट्समध्ये काय कमी पडत असेल?

उत्तर : तुमच्या नोट्समध्ये नियम आहेत, नियम कोणत्या तथ्यावर फिरतो, ते नसावे. नियम शब्दशः पाठ असलेल्या विद्यार्थ्यांचे असे पुष्कळदा होते. दोन पर्याय सारखे दिसतात तेव्हा बहुधा एकात ‘वकिलाने माहिती उघड केलीच पाहिजे’ असे असते आणि दुसऱ्यात ‘वकिलाला माहिती उघड करता येईल’ असे. सज्जन माणसाला पहिला पर्याय भावतो. नियम अनेकदा दुसरा सांगतो. म्हणून नोट्समधील प्रत्येक नियमापुढे बंधन, मुभा किंवा मनाई यांपैकी एकच शब्द ठळक लिहा. एवढ्यानेही फरक पडेल.

त्यानंतर प्रत्येक प्रसंगाला काही ठरावीक प्रश्न विचारण्याची सवय लावा. समोरची व्यक्ती सध्याची पक्षकार आहे, पूर्वीची आहे, की नुसता सल्ला विचारून गेलेली आहे? हितसंबंधांच्या संघर्षाचे बहुतेक प्रश्न इथेच सुटतात. सध्याच्या पक्षकाराविरुद्ध, प्रकरण संपूर्ण वेगळे असले तरी, संमतीशिवाय उभे राहता येत नाही. पूर्वीच्या पक्षकाराबाबत मात्र नवे प्रकरण जुन्याशी निगडित आहे का, हे सामान्यतः पाहिले जाते. पुढचा प्रश्न माहितीचा. ती स्वतः पक्षकाराने कायदेशीर सल्ल्यासाठी सांगितली, की तिसऱ्याच कुणाकडून कळली? गोपनीयतेचे कर्तव्य दोन्हींना व्यापते, पण न्यायालयात साक्ष देण्यापासून संरक्षण देणारा विशेषाधिकार त्याहून अरुंद असून तो वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादापुरता असतो. या दोन संकल्पना एकाच शीर्षकाखाली लिहिलेल्या नोट्स आढळल्या तर तेवढे पान फाडून टाकायला हरकत नाही.

उजळणीसाठी नियमांची यादी वाचण्यापेक्षा एक प्रकरण घेऊन त्यातील तथ्ये एकेक करून बदलावीत. स्पॉल्डिंग विरुद्ध झिमरमन हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली निकाली काढलेले प्रकरण त्यासाठी उत्तम आहे. मोटार अपघातात जखमी झालेला एक तरुण नुकसानभरपाई मागत होता. बचाव पक्षाच्या डॉक्टरला तपासणीत त्याच्या महाधमनीवर फुगवटा आढळला. तो अपघातामुळे झालेला असण्याची शक्यता होती, त्याने जीव जाऊ शकत होता, आणि तरुणाच्या स्वतःच्या डॉक्टरांच्या तो लक्षात आला नव्हता. बचाव पक्षाच्या वकिलांनी मौन पाळले आणि तडजोड झाली. वादी कायद्याच्या दृष्टीने अज्ञान (अल्पवयीन) असल्यामुळे ती न्यायालयाच्या मंजुरीने झाली. पुढे दुसऱ्या एका तपासणीत फुगवटा उघडकीस आला, आणि तडजोड रद्द करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. मात्र वाटाघाटी चालू असताना प्रतिपक्षाला ही माहिती देण्याचे बंधन वकिलांवर नव्हते, असेही न्यायालयाने म्हटले. निकाल फिरला तो अज्ञान वादीची तडजोड न्यायालयापुढे मंजुरीसाठी नेताना ते तथ्य दडवले गेले, या मुद्द्यावर.

आता तथ्ये बदला आणि प्रत्येक बदलाचे उत्तर नोट्स न पाहता लिहा. वादी सज्ञान असता तर निकालाचा आधारच उरला असता का? वादीच्या वकिलाने वैद्यकीय अहवाल स्वतःहून मागितला असता आणि त्याला ‘काही आढळले नाही’ असे उत्तर दिले असते तर? गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांतील सीमारेषा इथे स्पष्ट होते, आणि परीक्षकांना ही रेषा फार प्रिय असते. हेच प्रकरण आज घडले असते तर? अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांनुसार मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा टाळण्यासाठी वकिलाला गोपनीय माहिती उघड करता येते. पण तीही मुभाच आहे, बंधन नाही. तुमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या देशाचे नियम असतील तर कलमे आणि अपवाद त्याप्रमाणे घ्या. तथ्य बदलून पाहण्याची रीत तीच राहील.

सरावप्रश्न सोडवताना बरोबर पर्यायाचे कारण लिहिणे पुरेसे नाही. नाकारलेला पर्याय कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरला असता, हेही एका वाक्यात लिहा. हे वाक्य लिहिता आले नाही तर तुमचे बरोबर आलेले उत्तर योगायोगाचे होते असे समजा.

प्रश्न : मला एका वरिष्ठ विद्यार्थ्याच्या तयार नोट्स मिळाल्या आहेत. त्या माझ्या नोट्सपेक्षा फारच चांगल्या आहेत. त्यांवरच अभ्यास करावा का?

उत्तर : त्या उत्तरसूचीसारख्या वापराव्यात. आधी स्वतः आठवून लिहावे आणि मग त्या नोट्सशी ताडून पाहावे. दुसऱ्याने केलेला सारांश वाचायला सोपा जातो, कारण काय गाळायचे हा निर्णय त्याने घेतलेला असतो. तो निर्णय घेताना होणारा अभ्यासही त्याच्याच पदरी पडलेला असतो.

शिवाय त्या किती जुन्या आहेत, ते पाहा. एका ग्लुकोजच्या संपूर्ण ऑक्सिडीकरणातून ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात असे त्यांत असेल, तर तो जुना हिशेब आहे. त्यात प्रत्येक एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-२ मागे २ एटीपी धरले जात (हे दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू). हल्लीची पाठ्यपुस्तके अनुक्रमे २.५ आणि १.५ धरतात आणि एकूण ३० किंवा ३२ देतात. तुमच्या शिक्षकांना कोणता हिशेब अपेक्षित आहे, ते विचारून घ्या. नीतिमत्तेतही असेच घडते. वर उल्लेख केलेल्या आदर्श नियमांच्या १९८३ सालच्या मूळ मसुद्यात जीव वाचवण्यासाठी माहिती उघड करण्याची मुभा फक्त पक्षकाराच्या गुन्हेगारी कृत्यापुरती होती. २००२ सालच्या दुरुस्तीने ती अट निघाली. त्याआधीच्या नोट्स कितीही सुवाच्य असल्या तरी त्यांवर विसंबून दिलेले उत्तर चुकेल.

प्रश्न : मी दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करत असून जीवरसायनशास्त्र आणि नीतिमत्ता या दोन्ही परीक्षा एकाच आठवड्यात आहेत. आधी एक विषय संपवून मग दुसरा घ्यावा, की रोज दोन्ही? आणि महत्त्वाच्या ओळी रंगवण्याचा फायदा होतो का?

उत्तर : रोज दोन्ही. एक विषय संपवून बाजूला ठेवला तर त्याची परीक्षा येईपर्यंत तो बराचसा विसरलेला असेल. अंतर ठेवून पुन्हापुन्हा आठवणे हे सलग एकदा वाचण्यापेक्षा अधिक टिकते. अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेणाऱ्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांवर विभागणे या दोहोंना सर्वाधिक उपयुक्त ठरवले होते; ओळी रंगवणे आणि पुन्हा वाचणे ही दोन्ही कमी उपयुक्त गटात होती. रंगवायचेच असेल तर चुकलेली उत्तरे रंगवा.

दोन्ही विषय मेंदूवर वेगळा ताण टाकतात, त्यामुळे आलटून पालटून घेणे सोपे जाते. ताजेतवाने असाल तेव्हा कोऱ्या कागदावर चयापचयाचे मार्ग काढा आणि दमलेल्या वेळेला नीतिमत्तेचे प्रसंग घ्या, कारण प्रसंग वाचायला गोष्टीसारखे असतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नवे प्रकरण उघडू नका. चुकलेल्या कार्डांचा गठ्ठा आणि वेगळ्या शाईतील दुरुस्त्या तेवढ्या पाहा आणि वेळेवर झोपा.