चुन्याने भाजलेला डोळा : आधी किनार, मग कॉर्निया

सहा वर्षांच्या पुतण्याच्या डोळ्यात तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून वर्ष होत आले, बुबुळावर लालसर पडदा चढला आहे, तर नेत्रपेढीतून कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) मिळवून बसवावा का, असे आपण उदगीरहून विचारले आहे. आधी त्या डोळ्याची किनार तपासून घ्यावी. थेट कॉर्निया बसवण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

कॉर्नियावरचा पातळ थर सतत झिजत असतो आणि त्याची भरपाई काळ्या-पांढऱ्या भागांच्या सीमेवरील लिंबस या कडेतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) करतात. चुना खोलवर झिरपून ही कडच जाळतो. मग बांध फुटल्यावर शेजारचे पाणी पिकात शिरावे, तसे पांढऱ्या भागावरचे आवरण रक्तवाहिन्यांसह बुबुळावर सरकते. अशा डोळ्यात दात्याचा कॉर्निया बसवला, तरी त्यावरचा थर कायम राखायला रुग्णाच्या पेशीच उरलेल्या नसतात आणि तोही गढूळ होतो.

दुसरा डोळा निरोगी असल्यास मार्ग आहे. १९९७ मध्ये इटलीतील संशोधकांनी अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवल्या, पण ते काम खर्चिक होते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ‘स्लेट’ पद्धतीत प्रयोगशाळा लागत नाही. निरोगी डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, जखमी बुबुळावरचा पडदा खरवडून तिथे गर्भवेष्टनाचे, म्हणजे गर्भाभोवतीच्या पिशवीचे, पातळ पटल चिकटवतात आणि त्या तुकड्याचे आठ-दहा बारीक कण मध्यभाग सोडून त्यावर मांडतात. पेशी स्वतःच्याच असल्याने शरीर त्या नाकारत नाही. दोन्ही डोळे भाजले असतील, तर मात्र नातेवाइकाच्या किंवा मृत दात्याच्या पेशी आणि दीर्घकाळ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात.

शस्त्रक्रियेआधी दाह शमलेला हवा, डोळ्यात पुरेसा ओलावा हवा आणि पापणी पूर्ण मिटायला हवी. कॉर्नियाच्या आतला डाग दाट असल्यास कॉर्नियाचे प्रत्यारोपण नंतर करता येते. स्टेम सेलचे थेंब देऊ म्हणणाऱ्यांकडे कृपया जाऊ नका.

मूल लहान असल्याने तपासणी लांबवू नका, कारण न वापरलेला डोळा या वयात आळशी होतो आणि पुढे पडदा काढूनही नजर पुरती येत नाही. घरात अजूनही चुना वापरात असेल, तर एक सांगते: तो डोळ्यात गेल्याबरोबर स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ धरावी आणि लगेच दवाखाना गाठावा. नांदेडला नेत्रविभागात काम करताना, घरी डोळा धुऊन आणलेल्या मुलांच्याही वरच्या पापणीखाली चुन्याचे कण चिकटलेले मी पाहिले आहेत; पापणी उलटून ते काढल्याशिवाय जळणे थांबत नाही.