पफिन पाहायचे तर जुलै उलटू देऊ नका

प्रश्न : आम्ही उभयता उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर जाण्याचा विचार करीत आहोत. तेथील समुद्रपक्षी पाहण्यासाठी कोणते दिवस योग्य, आणि गाडी स्वतः चालवावी का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्याकडे मिरगाचा पाऊस सुरू होतो, तेच दिवस तिकडे पक्ष्यांच्या विणीचे असतात, म्हणून जूनचा उत्तरार्ध किंवा जुलैचा आरंभ साधावा, कारण ऑगस्ट लागेपर्यंत बहुतेक पफिन हे समुद्रपक्षी खोल समुद्राकडे निघून गेलेले असतात. हा पक्षी कड्यावरच्या गवताळ मातीत बीळ करून एकच अंडे घालतो आणि पिलासाठी तारल्यांहून सडसडीत असे बारीक मासे चोचीत आडवे धरून आणतो. ब्रिटनच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक असलेल्या डनेट हेडवर ते पाहायला दुर्बीण मात्र हवीच. पश्चिमेकडील हांडा बेटावर, लालसर वालुकाश्माच्या कड्यांच्या फळ्यांसारख्या कपारींवर, गिलेमॉट हे समुद्रपक्षी अक्षरशः खेटून बसलेले दिसतात. या बेटासाठी टार्बेटहून सुटणारी होडी रविवारी बंद असते. बेटावर आखलेली पायवाट सोडू नये, कारण घरट्याजवळ गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ग्रेट स्कुआ हा दांडगा समुद्रपक्षी थेट झेप घेतो.

गाडी अवश्य चालवावी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते आणि भारतीय परवाना पर्यटकाला १२ महिने चालतो. मात्र एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर बाजू देण्यासाठी ठेवलेल्या जागी गाडी उभी करून ठेवू नये. चिलटांचा उपद्रव फार, तेव्हा तोंडावर घेण्याची जाळी सोबत असावी.